बियाणे पास झाले, माती कोण तपासणार?

2020 चा खरीप मराठवाडा विसरलेला नाही. पाऊस वेळेवर आला, लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पेरले गेले आणि कित्येक शेतांत ते उगवलेच नाही. तक्रारी हजारोंनी आल्या, पंचनामे झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोणी बियाण्याला दोष दिला, कोणी खोल पेरणीला, कोणी अपुऱ्या ओलाव्याला. तो वाद आम्हाला इथे पुन्हा उकरायचा नाही. त्या वादातून दिसलेली एकच गोष्ट आम्हाला पुढे न्यायची आहे. ती म्हणजे आपल्या भागात 'उगवण' या एका शब्दावर अख्खे वर्ष उभे असते. उगवले तर घर चालते. नाही उगवले तर दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा काढलेले कर्ज.

बियाण्याची परीक्षा कायद्याने ठरवून दिली आहे. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण टोमॅटोला 70 टक्के, भेंडीला 65, मिरचीला 60 आणि सोयाबीनला 70 टक्के असावी लागते. ही परीक्षा प्रयोगशाळेत, स्वच्छ कागदावर किंवा स्वच्छ वाळूत होते. तिथे पास झालेले बी मग आपल्या वाफ्यात येते. त्या वाफ्यातल्या मातीची परीक्षा कोण घेतो? 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात 12 घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. प्लास्टिकचा रकाना त्यात नाही. आणि आज आपल्या मातीत रोज काय वाढत असेल तर ते प्लास्टिकच आहे.

म्हणून हा लेख. विषय शेतीशास्त्राचा वाटेल, पण तो आपल्या चळवळीचा आहे, हे आम्ही पुढे मांडणार आहोत.

बी आणि पाणी यांच्या मधे

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द 2004 मध्ये समुद्राच्या अभ्यासातून रूढ झाला. त्यामुळे अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे मासा आणि कासव येते. पण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या प्लास्टिकवर अहवाल काढला आणि सांगितले की समुद्रापेक्षा शेतजमिनीत जास्त मायक्रोप्लास्टिक असण्याची शक्यता आहे. त्याच अहवालानुसार जगभरात पिके आणि पशुपालनासाठी वर्षाला सुमारे सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरले जाते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे आशियात.

आता बी कसे उगवते ते पाहू. सुकलेले बी आधी पाणी पिते. सालीवरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जाते, बी फुगते, आतला साठा विरघळू लागतो, मग मुळाचा कोंब साल फोडून बाहेर पडतो. या पहिल्या काही तासांत बियाला खत लागत नाही, ऊनही लागत नाही. लागते ते पाणी आणि थोडी हवा. या वेळी पाण्याची वाट अडली तर सगळेच पुढे ढकलले जाते.

2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. त्यांनी घेतलेले बी आपल्या ओळखीचे आहे: अळीव. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते. अळिवाचे बी त्यांनी प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्यात भिजवले. कण तीन आकारांचे होते आणि त्यांतला सर्वांत मोठा कणसुद्धा सुमारे 5 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक. हे कण सालीवरच्या छिद्रांपाशी जाऊन साचले. 8 तासांनी मोजणी केली तेव्हा प्लास्टिक नसलेल्या पाण्यात 78 टक्के बी उगवले होते. मोठ्या कणांची मात्रा सर्वांत जास्त होती तिथे फक्त 17 टक्के.

पण या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण अफवा पसरवणाऱ्यांच्या रांगेत बसू. 24 तासांनी पुन्हा मोजले तेव्हा उगवणीतला हा फरक उरला नव्हता. मुळाच्या वाढीत 24 तासांनी फरक दिसला, पुढे तोही पुसट झाला. म्हणजे प्लास्टिकने बी मेले नाही. त्याला उशीर झाला.

प्रयोगशाळेतल्या बशीत हा उशीर किरकोळ आहे. तिथे पाणी संपत नाही, ऊन लागत नाही, बुरशी येत नाही. आपल्या काळ्या जमिनीत हिशोब वेगळा आहे. पावसाने दडी मारली की वरचा थर दोन दिवसांत पापडीसारखा कडक होतो. ओलावा असताना जे बी वर आले ते आले, जे मागे राहिले ते त्या पापडीखाली अडकले. ओलसर मातीत जास्त वेळ पडून राहिलेल्या कोंबाला बुरशी धरते, रोपे कोलमडतात. तण मात्र कुणासाठी थांबत नाही. मिरची, टोमॅटो, कोथिंबीर यांच्या बारीक बियांत साठाही थोडाच असतो; उशिराचा खर्च त्यांना झेपत नाही. त्यामुळे 'फक्त उशीर होतो' हे वाक्य लायडनमध्ये दिलासा देणारे असेल. मुखेड किंवा औशाच्या कोरडवाहू शेतात ते तसे राहत नाही.

उगवल्यानंतरचे पहिले दिवस

उगवण झाली म्हणजे सुटका झाली असे नाही. 2019 मध्येच ब्रिटनमधल्या संशोधकांनी गवताच्या बियांवर प्रयोग केला. मातीत कपड्यांचे कृत्रिम धागे मिसळले तेव्हा कमी बी उगवले. 'विघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या एका प्लास्टिकचा भुगा मिसळला तेव्हाही कमी बी उगवले, आणि रोपांची उंचीही घटली. नेहमीच्या पॉलिथिनचा भुगा असलेल्या मातीत गांडुळांचे वजन घटले. यातली विघटनशील प्लास्टिकची गोष्ट नीट लक्षात ठेवा. उद्या तेच 'पर्यावरणपूरक' म्हणून आपल्या गावात विकायला येईल.

2020 मध्ये चीनच्या संशोधकांनी लेट्युस ही पालेभाजी आणि गहू यांच्या मुळांचा अभ्यास केला. मुळाला जिथे बाजूचे फाटे फुटतात तिथे सालीला बारीक चीर पडते. त्या चिरेतून 2 मायक्रॉनपर्यंतचे प्लास्टिकचे कण आत शिरले आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर पाल्याकडे गेले. कोवळ्या रोपाला मुळांचे फाटे फुटतात तो काळ लागणीनंतरचा पहिल्या काही आठवड्यांचा. पालक, मेथी, कोथिंबीर आपण त्याच वयात उपटून बाजारात नेतो.

इथेही सगळे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. बर्लिनमध्ये कांद्याच्या पातीवर झालेल्या प्रयोगात पॉलिस्टरच्या धाग्यांनी मुळांचा भार उलट वाढला. मातीची घडण, तिची पाणी धरण्याची रीत बदलली आणि रोपाने त्याला तसा प्रतिसाद दिला. शिवाय बऱ्याच प्रयोगांत वापरलेली प्लास्टिकची मात्रा नेहमीच्या शेतापेक्षा जास्त असते. म्हणून 'प्लास्टिकमुळे सगळी भाजी मेली' असा आरडाओरडा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे इतकेच: प्लास्टिकचा आकार, जात आणि मात्रा यांप्रमाणे बी आणि कोवळे रोप यांवर परिणाम होतो हे सिद्ध झाले आहे. मातीत गेलेले प्लास्टिक परत काढता येत नाही. आणि मात्रा दरवर्षी वाढते आहे. हे तीन मुद्दे एकत्र ठेवले की हातावर हात ठेवून बसायला जागा उरत नाही.

आपल्या शिवारात ते येते कुठून?

पहिली वाट मल्चिंग पेपरची. टरबूज, मिरची, टोमॅटो यांच्या गादीवाफ्यांवर अंथरतात तो. हिशोब साधा आहे. 25 मायक्रॉनच्या पेपरचे वजन चौरस मीटरला सुमारे 23 ग्रॅम भरते. एकरात 2,500 चौरस मीटर अंथरला तर साधारण 57 किलो प्लास्टिक झाले. पीक निघाल्यावर उन्हाने विटलेला पेपर ओढून काढतात तेव्हा तो फाटतो. दहावा हिस्सा जरी मातीत राहिला तरी एकरात पावणेसहा किलो. नंतर रोटाव्हेटर फिरतो आणि त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात-हात भेगा पडतात. वरचे तुकडे त्या भेगांत पडतात, आणि पहिल्या पावसात भेग मिटते. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने 2022 मध्ये मल्चिंगच्या शेतांवर अहवाल काढला, त्यासाठी माती कर्नाटक आणि महाराष्ट्रातूनच घेतली होती. त्या मातीत प्लास्टिकचे कण सापडले.

दुसरी वाट शहराच्या कचऱ्याची. नांदेडचा कचरा तुप्प्याला जातो, लातूरचा वरवंटीला. कचऱ्यापासून कंपोस्ट करा आणि शेतकऱ्याला विका, हे सरकारी धोरण आहे. केंद्राने 2016 मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीला टनामागे 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले, महाराष्ट्राने 'हरित महा सिटी कंपोस्ट' हा ब्रँड काढला. कल्पना चांगली आहे. पण खत नियंत्रण आदेशातले या कंपोस्टचे मानक वाचा. शिसे किती, कॅडमियम किती, पारा किती, सगळ्याच्या मर्यादा दिल्या आहेत. कणांच्या आकाराबाबत अट आहे की 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा. प्लास्टिकची मर्यादा कुठेच नाही. आता विचार करा: मायक्रोप्लास्टिक म्हणजे 5 मिलिमीटरच्या आतला तुकडा, आणि चाळणी 4 मिलिमीटरची. मोठी पिशवी चाळणीवर राहणार, तिचा चुरा खताबरोबर खाली पडणार. ज्या चाळणीने खत 'पास' होते, तीच चाळणी मायक्रोप्लास्टिकलाही पास करते! ओला-सुका कचरा घरातच वेगळा झाला नसेल तर पुढे कोणतेही यंत्र ही चूक पुरती दुरुस्त करू शकत नाही.

तिसरी वाट सांडपाण्याची. कृत्रिम धाग्याचा कपडा धुतला की त्याचे बारीक तंतू पाण्यात उतरतात. मोरीतून नाल्यात, नाल्यातून गोदावरीत. शहराच्या कडेला नाल्याच्या किंवा नदीच्या पाण्यावर जी भाजी पिकते, तिच्या वाफ्यात हे तंतू पाण्याबरोबर येतात. ठिबकच्या फुटक्या नळ्या, शेडनेटच्या चिंध्या, युरियाच्या गोण्यांचे सुटलेले धागे, बियाण्यांची पाकिटे ही भर वेगळीच.

माती कोणाची, हात कोणाचे?

आता आपला मूळ प्रश्न. यात जात कुठे आली?

2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतकऱ्याकडे सरासरी 1.08 हेक्टर जमीन आहे. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्याकडे 0.78 हेक्टर. बाबासाहेबांनी 1918 मध्येच हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहून सांगितले होते की प्रश्न नुसत्या तुकड्याच्या आकाराचा नाही. त्या तुकड्याला भांडवल, अवजारे आणि साधने किती मिळतात याचा आहे. आजही तेच. वीस एकरवाल्याचा एक वाफा उगवला नाही तर तो दुसरा टाकतो. प्रो-ट्रेमध्ये रोपे तयार करतो, रोपवाटिकेतून विकत आणतो. दहा गुंठे बटईने घेऊन मेथी-कोथिंबीर करणारी आपली आई किंवा मावशी हाताने बी टाकते आणि आठ दिवसांनी वाफ्याकडे बघत बसते. तिच्यासाठी पर्यायी वाफा नसतो. गंजगोलाईत जुड्या घेऊन बसायचा तिचा दिवस एका आठवड्याने पुढे गेला, तर त्या आठवड्याचा किराणा उधारीवर येतो.

मल्चिंग पेपरला अनेक वर्षे सरकारी अनुदान आहे. हेक्टरी 32,000 रुपये खर्च धरून त्याचा निम्मा भाग, 16,000 रुपये, मिळत आला. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ लागतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या भूमिहीन सत्याग्रहांची आठवण सांगत आपल्या माणसांनी गायराने कसली, 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर अजून चढलेले नाही. गायरानधारकाला अनुदानाचा पेपर मिळत नाही. शेजारच्या बांधावरून उडून आलेले तुकडे मात्र त्याच्या रानात फुकट येतात. लाभ घेताना कागद दाखवावा लागतो, नुकसान घेताना कुणी कागद विचारत नाही.

आणि पीक निघाल्यावर तो फाटका पेपर गोळा कोण करते? रोजंदारीवरची बाई. तो बांधावर पेटवला जातो तेव्हा धुरात उभी कोण असते? तीच. शहरात तुप्पा आणि वरवंटीच्या ढिगाऱ्यांत उघड्या हातांनी प्लास्टिक वेगळे करणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे तुम्हा-आम्हाला सांगायची गरज नाही. या समाजाने घाण उचलायचे काम जातीवर टाकले. आता प्लास्टिक ही नवी घाण आली, आणि तिच्यासाठीही तेच हात शोधले गेले. मातीत प्लास्टिक जाऊ नये म्हणून सगळ्यात जास्त काम कचरावेचक बाई करते. तिने भंगारात विकलेली प्रत्येक पिशवी ही कुणाच्या तरी शेतात न गेलेली पिशवी असते. तिला ना मोजे, ना ओळखपत्र, ना पगार. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे 'स्वच्छ' या स्वतःच्या सहकारी संस्थेतर्फे महापालिकेशी करार केला. संघटना असली की काय होते, याचे उदाहरण याच महाराष्ट्रात आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच पोरांचा असतो. अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती अडकली आहे, आरक्षणावर घाला आहे. त्यात हे प्लास्टिकचे लचांड कशाला? पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे.

मित्रांनो, पोट भरलेल्यांनी तो आपला करून घेतला, म्हणून तो तसा दिसतो. महाडचा सत्याग्रह कशासाठी होता? 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा लढा माणुसकीच्या हक्काचा होता, आणि तो एका नैसर्गिक साधनावरच्या समान हक्काच्या रूपाने लढला गेला. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा जमिनीचा कस वाहून जातो, त्यासाठी ताली-बंधारे घाला, हा मुद्दा त्यांनी शोषणाच्या मुद्द्याबरोबरच मांडला. माती आणि पाणी हे आपल्या परंपरेत कधीच परके विषय नव्हते. आज मातीचा प्रश्न आपण सोडला तर तो सोसायट्यांच्या 'स्वच्छता ड्राइव्ह'मध्ये सेल्फीपुरता उरेल, आणि कचरा उचलणारी बाई त्या फोटोच्या बाहेरच राहील.

'थोडा उशीर होईल' हे वाक्य आपल्याला नवे नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडले. साडेपंधरा वर्षांच्या त्या उशिरात कोणाची घरे जळाली आणि कोणाचे जीव गेले, हे नांदेड जिल्ह्याला विचारा. उशीर सगळ्यांना सारखा लागत नाही. बियाच्या उगवणीतला उशीरही तसाच आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात मल्चिंग पेपर पाणी वाचवतो, तण रोखतो, खुरपणीचा खर्च कमी करतो. तो बंद करा म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय नाही का? हो, आहे. म्हणून आम्ही बंदी मागत नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदी केली तेव्हा हातगाडीवाल्याला दंड झाला, कारखाना कुणी विचारला नाही. तीच रीत शेतात आणू नका. आम्ही जबाबदारी मागतो, आणि ती विकणाऱ्यावर आधी टाका. चीनने दशकानुदशके पातळ मल्चिंग वापरले, उत्पादन वाढले, पण जमिनीत फाटक्या पेपरचा थर साचत गेला. शेवटी 2018 पासून त्यांना किमान जाडी 10 मायक्रॉन सक्तीची करावी लागली, कारण त्याहून पातळ पेपर उचलताच येत नव्हता. आपण त्या थराची वाट पाहायची का?

आमच्या मागण्या

एक. शहरी कंपोस्टच्या मानकात प्लास्टिकची मर्यादा घाला. युरोपीय संघाच्या 2019 च्या खत नियमात कंपोस्टमधल्या 2 मिलिमीटरपेक्षा मोठ्या प्लास्टिकला किलोमागे 3 ग्रॅमची मर्यादा घातली आणि 2026 पासून ती आणखी कडक करायचे ठरवले. आपल्याकडे मर्यादाच नाही. शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोणीवर हा आकडा छापला पाहिजे.

दोन. मल्चिंग पेपरच्या अनुदानाला परतीची अट जोडा, पण ती शेतकऱ्यावर नको, कंपनी आणि विक्रेत्यावर. 2022 च्या नियमांनी वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी उत्पादकाची जबाबदारी ठरवली. शेतात अंथरायच्या प्लास्टिकलाही तीच जबाबदारी लावा. तालुक्याला संकलन केंद्र हवे, किलोला भाव हवा आणि गोळा करणाऱ्या बाईला मजुरी हवी.

तीन. काडीकचऱ्याच्या आच्छादनाला प्लास्टिकइतकेच अनुदान द्या. लातूर सोयाबीनचा जिल्हा आहे. काड ढिगांनी पडते. उसाचे पाचट फडातच पेटवले जाते. हे आच्छादन पाणी वाचवते, कुजून खत होते आणि मातीत विष मागे ठेवत नाही. गायरान कसणाऱ्यालाही हे अनुदान मिळाले पाहिजे, सातबाऱ्याच्या अटीशिवाय.

चार. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि पोखर्णी, सगरोळी, लातूरची कृषी विज्ञान केंद्रे यांनी आपल्या काळ्या मातीत मेथी, पालक, मिरची, भेंडी यांच्या उगवणीवर मायक्रोप्लास्टिकच्या चाचण्या घ्याव्यात आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. मृदा आरोग्य पत्रिकेत तेरावा रकाना प्लास्टिकचा असावा.

पाच. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांनी ओळखपत्र, मोजे, बूट, आरोग्य तपासणी आणि ठरलेले वेतन यांचा हिशोब वस्तीवस्तीत येऊन द्यावा.

आपण काय करायचे?

मागण्या लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते आपण मानतो: ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. मग या लेखातलेही तसेच्या तसे घेऊ नका. पारखा. अकरावी-बारावीतली मुले, अभ्यासिकेतली पोरे, महिला मंडळे यांना करता येईल अशी ही कृती आहे.

प्लास्टिक न पोचलेल्या जागेची माती घ्या, चाळा आणि नीट मिसळून तिचे दोन सारखे भाग करा. मल्चिंग पेपरचा जुना, विटका तुकडा कात्रीने जमेल तितका बारीक कापा आणि एका भागात किलोला 1 ग्रॅम या प्रमाणात मिसळा. दुसरा भाग तसाच ठेवा. प्रत्येकी चार मातीच्या कुंड्या भरा. प्रत्येक कुंडीत एकाच पाकिटातले 25 मेथीचे दाणे, एकाच खोलीवर. पाणी मापाने द्या. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी उगवलेले कोंब मोजा. दहाव्या दिवशी रोपे अलगद काढून मुळाची लांबी पट्टीने मोजा. आकडे वहीत तारखेसह लिहा.

आपल्या वाफ्यात प्लास्टिक आहे का ते पाहायचे असेल तर मूठभर वाळलेली माती मिठाच्या घट्ट पाण्यात ढवळून तासभर ठेवा. पॉलिथिन हलके असते, वर तरंगते. काडीकचराही तरंगेल, म्हणून तापवलेली सुई टेकवून पाहा: प्लास्टिक वितळून आक्रसते, काडी तशीच राहते. डोळ्यांना दिसतात ते मोठे तुकडे. बारीक कणांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो, तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो. मागायला जा. ती प्रयोगशाळा आपल्याही कराच्या पैशातून उभी आहे.

फरक दिसला नाही तर 'दिसला नाही' असेच लिहा. कात्रीने कापलेला तुकडा आणि अळिवाच्या प्रयोगातला कण यांच्या आकारात हजारपट अंतर आहे, तेव्हा निकाल वेगळा येऊ शकतो. निकाल सोयीचा नाही म्हणून लपवणे हे त्यांचे काम आहे, आपले नाही. पण दहा गावांत, शंभर वह्यांत असे आकडे जमले, तर तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर आपण निवेदनाबरोबर पुरावाही ठेवू. निवेदनाला पोच मिळते. पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

संविधानाच्या कलम 51-अ मध्ये पर्यावरणाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये एकामागोमाग एक लिहिली आहेत. आपल्या वाफ्यातली मूठभर माती तपासली तर दोन्ही एकाच दिवशी पाळली जातात. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या विषयाला द्या. वही, पट्टी आणि पंचवीस दाणे सोबत घ्या. कुंड्या वस्तीतच मिळतील.

जय भीम! जय संविधान!